होम्सचा जनक, बर्फावरचा खेळाडू

शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉयल यांचे नाव रहस्यकथांशी कायमचे जोडले गेले आहे. स्वित्झर्लंडमधील दावोस या गिरिनगराला मात्र ते स्कीइंगचे आद्य प्रचारक म्हणूनही परिचित आहेत.

१८५९ मध्ये एडिंबरा येथे जन्मलेले डॉयल पेशाने डॉक्टर होते. १८९३ मध्ये पत्नी लुईझा यांना क्षय झाल्याचे निदान झाले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. उंचावरील थंड, कोरडी हवा हाच उपचार मानला जाई. लुईझा काही महिनेच जगतील, असा तज्ज्ञांचा होरा होता. डॉयल त्यांना घेऊन दावोसला गेले. त्याच डिसेंबरात होम्सच्या मृत्यूची कथा प्रसिद्ध होऊन वाचक हळहळले. लेखकाला मात्र पत्नीच्या जिवाचा घोर लागला होता.

या मुक्कामात ते स्कीइंग शिकले. मार्च १८९४ मध्ये स्थानिक ब्रांगर बंधूंसह त्यांनी सुमारे २,४४० मीटर उंचीची मायेनफेल्डर फुर्का खिंड ओलांडून अरोसा गाठले. तेथील हॉटेलच्या नोंदवहीत तोबियास ब्रांगर यांनी डॉयल यांचा व्यवसाय खेळाडू असा नोंदवला. हा मान त्यांना विशेष सुखावून गेला.

डिसेंबर १८९४ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात त्यांनी या सफरीवर लेख लिहिला. शेकडो इंग्रज पुढे स्कीइंगसाठी स्वित्झर्लंडला येतील, हे त्यांचे भाकीत खरे ठरले.

तज्ज्ञांचा होरा मात्र चुकला. लुईझा आणखी तेरा वर्षे जगल्या. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले. डॉयल यांनी १९३० मध्ये जगाचा निरोप घेतला.