कॅप्टन चार्ल्स अपहॅम आणि चोरीला गेलेली पदके

(इयत्ता ४ थी)



या महिन्याच्या भित्तिपत्रकाचा विषय गुरुजींनी शूर वीर असा दिला आहे. पुष्कळ मुलांनी शिवाजी महाराज घेतले. कोणी तानाजी, कोणी झाशीची राणी, कोणी भगतसिंग घेतला. मी मात्र फार लांबच्या देशातले एक वीर घेतले आहेत. त्यांचे नाव कॅप्टन चार्ल्स अपहॅम. त्यांची गोष्ट गुरुजींनी आम्हाला एका शनिवारी सांगितली. ती ऐकली आणि त्या रात्री मला झोपच येईना. त्याचे कारण मी शेवटी सांगणार आहे. आधी त्यांचे चरित्र वाचा.

न्यूझीलंड हा देश आपल्याला क्रिकेटमुळे माहीत आहे. नकाशात ऑस्ट्रेलियाच्या उजवीकडे खाली दोन मोठी बेटे दिसतात, तोच तो देश. तिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आहेत. त्या देशात क्राइस्टचर्च नावाचे शहर आहे. तिथे २१ सप्टेंबर १९०८ रोजी चार्ल्स यांचा जन्म झाला. त्यांचे वडील वकील होते. वडील वकील, तेव्हा मुलगाही वकील व्हायचा असे आपल्याला वाटेल. पण चार्ल्स यांना शेतीची आवड होती. त्यांनी शेतकी कॉलेजात शिक्षण घेतले. मग काही वर्षे त्यांनी डोंगरावर मेंढ्या राखल्या. आपल्याकडे दिवाळीनंतर धनगर लोक रानात मेंढ्या बसवायला येतात, ते किती चालतात ते आपण बघतोच. चार्ल्सही ऊन, वारा, बर्फ यांत तसेच डोंगर चढत आणि उतरत. त्यामुळे त्यांचे शरीर काटक झाले. पुढे त्यांनी शेतजमिनीची किंमत ठरवण्याची सरकारी नोकरी धरली.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. चार्ल्स यांचे वय तेव्हा जवळजवळ ३१ होते. त्यांचे लग्नही ठरलेले होते. तरी ते लगेच सैन्यात भरती झाले.

ग्रीस देशाच्या खालच्या बाजूला समुद्रात क्रीट नावाचे बेट आहे. मे १९४१ मध्ये जर्मन सैनिक हवाई छत्र्या घेऊन त्या बेटावर उतरले. चार्ल्स तिथे एका तुकडीचे अधिकारी होते. त्यांना तेव्हा हगवण लागली होती आणि अन्न जात नव्हते. आपल्याला एक दिवस पोटात दुखले तर आपण शाळा बुडवतो. पण ते आठ-नऊ दिवस तसेच लढले. तोफगोळ्याचा तुकडा त्यांच्या खांद्यात घुसला. पायात गोळी लागली. ती गोळी नंतर इजिप्तला गेल्यावर काढली. त्यांनी एका जखमी सैनिकाला गोळ्यांच्या वर्षावातून उचलून आणले. आपली एक तुकडी एकटी पडली आहे असे कळल्यावर ते शत्रूच्या मधून तिच्यापर्यंत गेले आणि तिला परत घेऊन आले. या शौर्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्याकडे जसे परमवीर चक्र, तसे हे पदक आहे.

दुसऱ्या वर्षी, जुलै १९४२ मध्ये, इजिप्तच्या वाळवंटात रुवेसात नावाच्या टेकाडावर लढाई झाली. त्या रात्री त्याच टेकाडावर आपल्या हिंदी सैन्याची एक ब्रिगेडही लढत होती. हे ऐकून मला फार बरं वाटलं. चार्ल्स आता कॅप्टन झाले होते. त्यांनी हातबॉम्ब टाकून एक रणगाडा, काही तोफा आणि गाड्या उडवल्या. मशीनगनची गोळी कोपरातून गेली आणि हात मोडला. तरी ते पुढे गेले आणि मागे राहिलेल्या आपल्या माणसांना घेऊन आले. मलमपट्टी केल्यावर विश्रांती न घेता ते पुन्हा आपल्या माणसांत येऊन बसले. नंतर परत जखम झाली, तेव्हा मात्र त्यांना हलता येईना. त्यांच्या कंपनीत शेवटी फक्त सहा जण उरले होते. जर्मनांनी त्यांना कैद केले.

कैदेतून त्यांनी पळून जाण्याचा पुष्कळ वेळा प्रयत्न केला. एकदा तर भर दिवसा ते काटेरी तारेच्या कुंपणावर चढले आणि तारेत अडकले. पहारेकऱ्याने पिस्तूल रोखले. चार्ल्स यांनी त्याच्याकडे न बघता सिगारेट पेटवली. सिगारेट ओढणे वाईट असते हे मला माहीत आहे, पण त्यांना भीती वाटली नाही एवढेच मला सांगायचे आहे. शेवटी १९४४ साली जर्मनांनी त्यांना कोल्डित्झ नावाच्या किल्ल्यात ठेवले. तो किल्ला सारखे पळून जाणाऱ्या कैद्यांसाठी होता.

१९४५ मध्ये ते सुटले. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. इजिप्तच्या लढाईबद्दल त्यांना दुसऱ्यांदा व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. दुसऱ्यांदा मिळाला की वेगळे पदक देत नाहीत, फितीवर एक पट्टी लावतात. आजपर्यंत जगात फक्त तिघांना हा मान दोनदा मिळाला आहे. त्यातले दोघे डॉक्टर होते. हातात शस्त्र घेऊन लढणारे एकटे चार्ल्स अपहॅम. आपल्या महाराष्ट्रातील यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनाही याच युद्धात इटलीमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. यशवंत घाडगे तर लढता लढता मरण पावले.

आता मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट सांगतो. चार्ल्स घरी आल्यावर त्यांच्या भागातील लोकांनी वर्गणी काढली. त्यांना शेत घेऊन द्यायचे म्हणून १०,००० पौंड जमवले. चार्ल्स यांनी ते पैसे घेतले नाहीत. ते पैसे सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाला द्यावेत असे त्यांनी सुचवले आणि तसेच झाले. स्वतः मात्र त्यांनी इतर सैनिकांसारखे कर्ज काढले आणि समुद्राजवळ शेत घेतले. एका हातात जोर कमी होता, तरी त्याच हाताने ते शेतात राबले. त्यांना तीन मुली झाल्या. ते सभेत मिरवायला जात नसत. वर्तमानपत्रवाले आले तर त्यांना कंटाळा येई. २२ नोव्हेंबर १९९४ रोजी ते वारले. क्राइस्टचर्चच्या रस्त्यांवर हजारो लोक त्यांना निरोप द्यायला उभे होते.

चरित्र इथे संपले असे वाटेल. पण गोष्ट पुढे आहे.

२००६ साली त्यांच्या मुलींनी ती पदके लंडनच्या युद्ध संग्रहालयाला विकली. पण अशा वस्तू देशाबाहेर नेऊ नयेत असा न्यूझीलंडचा कायदा आहे. म्हणून संग्रहालयाने ती तिथेच ठेवायला दिली. वायोरू या गावी सैन्याचे संग्रहालय आहे, तिथे काचेच्या कपाटात ती सर्वांना बघायला मिळत. २ डिसेंबर २००७ रोजी पहाटे तिथे चोर शिरले. त्यांनी एकूण ९६ पदके नेली. त्यांत नऊ व्हिक्टोरिया क्रॉस होते आणि चार्ल्स अपहॅम यांचाही होता.

सकाळी बातमी कळली तेव्हा सगळा देश हळहळला. ज्यांनी ती पदके कधी बघितली नव्हती त्यांनाही राग आला. म्हाताऱ्या सैनिकांना फार वाईट वाटले. प्रत्येकाला आपल्याच घरची चोरी झाल्यासारखे वाटले. खरे म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस सोन्याचा नसतो, चांदीचाही नसतो. तो कांस्य धातूचा असतो, म्हणजे आजी तळपायाला तेल लावून घासते त्या काशाच्या वाटीच्या जातीचा. मोडीत घातला तर दुकानदार काही फार देणार नाही. पण त्यावर नाव कोरलेले असते आणि त्या नावासाठी लोक रडले.

मग पदके परत मिळावीत म्हणून तीन लाख डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. इंग्लंडचे लॉर्ड अ‍ॅशक्रॉफ्ट, जे स्वतः अशी पदके जमवतात, आणि न्यूझीलंडमधील एक उद्योगपती यांनी ती रक्कम देऊ केली. एक वकील मध्ये पडले. १६ फेब्रुवारी २००८ रोजी पोलिसांनी सांगितले की सगळी पदके परत मिळाली. ९६ पैकी एकही कमी नाही. लोकांना फार आनंद झाला. वीरांच्या घरच्यांचा जीव भांड्यात पडला.

पण काही लोक रागावलेही. त्यांचे म्हणणे असे की, बक्षीस लावले तर चोराला आणखी चोरी करावीशी वाटेल. दुसरे म्हणत की, पैसे गेले तर गेले, पदके हातात आली हे मोठे. दोन्ही बाजूंनी खूप बोलणे झाले. पुढे दोन चोर सापडले आणि त्यांना तुरुंगात जावे लागले. मला मात्र एक गोष्ट फार विचित्र वाटली. ज्या माणसाने जिवंतपणी दहा हजार पौंड नाकारले, त्याचे पदक सोडवायला तीन लाख डॉलर लावावे लागले.

आता मला झोप का आली नाही ते सांगतो.

माझे आबा सैन्यात होते. त्यांना १९७१ च्या लढाईचे पदक आहे. ते पत्र्याच्या पेटीत धोतराच्या घडीखाली असते. मागच्या जानेवारीत मी आबांना न विचारता ते पदक खिशात घालून शाळेत आणले. पोरांना दाखवून मी खूप मिरवलो. संध्याकाळी घरी जाताना बघतो तर खिसा रिकामा! मी ओढ्यापर्यंत दोनदा शोधून आलो. दुसऱ्या दिवशी वरच्या वर्गातील एका मुलाने सांगितले की ते त्याला सापडले आहे. फुकट देणार नाही म्हणाला. त्याने माझ्या वीस गोट्या मागितल्या, शिवाय माझी निळी मोठी गोटी. मी सगळ्या दिल्या आणि पदक पेटीत जसेच्या तसे ठेवले. पण फितीला चिखल लागला होता. २६ जानेवारीला झेंड्याला जाताना आबांनी ते छातीला लावले, फितीवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितले. ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

गुरुजींनी अपहॅमची गोष्ट सांगितली तेव्हा सगळ्या वर्गाला चोरांचा राग आला. मलाही आला. मग एकदम माझ्या मनात आले की, त्या मुलाने तर पदक नुसते दाबून ठेवले होते. पेटीतून न विचारता कोणी काढले? मीच. तेव्हापासून मला भाकरी गोड लागेना.

रविवारी आबा गोठ्यात धार काढत होते. मी त्यांना सगळे सांगितले. मला वाटले आता कानाखाली बसणार. आबा धार काढायचे थांबले नाहीत. गोट्या दिल्या ते बरे केले, वस्तू घरी आली, असे ते म्हणाले. त्या मुलाचे नाव त्यांनी विचारले नाही. पण विचारून मागितले असते तर मी स्वतः तुझ्या शर्टाला लावून दिले असते, एवढे बोलून ते गप्प बसले. मार बसला असता तर बरे झाले असते असे मला वाटले.

मग आबांनी मला फीत धुवायला दिली. मी ती साबण लावून हळू हळू धुतली. डाग सगळा गेला नाही, थोडा आहे. आबा म्हणतात राहू दे.

चार्ल्स अपहॅम यांच्या चरित्रातून मी हे शिकलो की, पराक्रम करून गप्प राहावे, आणि चूक केली तर मात्र गप्प राहू नये. पदकाची किंमत धातूत नसते हेही शिकलो. पुढच्या २६ जानेवारीला आबा पदक लावून शाळेत येणार आहेत. ज्यांना जवळून बघायचे असेल त्यांनी त्यांना विचारून बघावे. ते दाखवतात.