जेम्स वॅटचा हिशेब

इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात सेंट मेरीज चर्च आहे. जेम्स वॅट तिथेच चिरनिद्रा घेतो आहे. माझी भाची जवळच राहते. २०२५ च्या फेब्रुवारीत तिचा फोन आला, तो मात्र बिलाबद्दल. वीज आणि गॅसची वर्षाची कमाल मर्यादा १,७३८ पौंड, असे तिने ऐकले होते. म्हणजे महिन्याला १४५ च्या वर काही जायचे नाही, या भरवशावर सासूबाईंसाठी तिने घर दिवसभर गरम ठेवले. बिल आले २४२ पौंड! तिची समजूत घालता घालता मला वॅटच आठवला.

वॅटचा जन्म १७३६ चा, स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकचा. किटलीच्या झाकणाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे, ती दंतकथाच. खरी गोष्ट अशी, की ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या या माणसापुढे १७६३-६४ च्या हिवाळ्यात न्यूकोमेनच्या इंजिनाची प्रतिकृती आली. तिचे सिलिंडर प्रत्येक फेरीला तापे आणि लगेच थंड केले जाई. त्यात कोळसा फुकट जाई. १७६५ मध्ये वॅटला उपाय सुचला : वाफ वेगळ्या भांड्यात थंड करायची.

पण कल्पनेने चूल पेटत नाही. पैसा नव्हता. कालव्यांची मोजणी करून तो घर चालवत होता. १७७३ मध्ये पत्नी वारली. पुढे मॅथ्यू बोल्टनसारखा धनिक भागीदार मिळाला आणि १७७५ पासून बर्मिंगहॅममध्ये त्याचे नशीब उघडले.

कॉर्नवॉलच्या खाणींना कोळसा समुद्रमार्गे आणावा लागे, म्हणून तिथे या इंजिनांना मागणी आली. दर ठरला तो असा : न्यूकोमेनच्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा. इंजिनाचे ठोके मोजायला कुलूपबंद मोजणी-यंत्र बसवले. तरीही भांडणे झालीच, कारण जळलाच नाही तो कोळसा पाहिला कुणी? खाणमालकांनी पैसे अडवले आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेले. चक्र फिरवणाऱ्या इंजिनांसाठी मग वॅटने सरळ हिशेब लावला : दर अश्वशक्तीमागे वर्षाला ठरावीक रक्कम.

भाचीची गफलत याच जातीची. १,७३८ पौंडांचा आकडा एका काल्पनिक घराचा आहे. ते घर वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरते, असे धरले होते. २०१९ पासून तिथली नियामक संस्था ऑफजेम मर्यादा घालते ती दरावर आणि रोजच्या स्थिर आकारावर. एकूण बिलावर नव्हे. जास्त वापराल तर जास्त भराल.

मग मी तिला कागद-पेन्सिल घ्यायला सांगितले. जानेवारी ते मार्च २०२५ चे सरासरी दर असे होते : वीज युनिटला २४.८६ पेन्स, स्थिर आकार रोज ६०.९७, गॅस युनिटला ६.३४, स्थिर आकार रोज ३१.६५. भागाभागाप्रमाणे यात थोडा फरक पडतो. तिची ३० दिवसांची वीज ३०० युनिट, म्हणजे सुमारे ७५ पौंड आणि १८ स्थिर आकार. गॅसचे मीटर घनमीटर दाखवते. एका घनमीटरचे साधारण ११ युनिट होतात. तिचे २०० घनमीटर म्हणजे २,२०० युनिट, सुमारे १३९ पौंड. वर साडेनऊ स्थिर आकार. बेरीज २४२! बिल चुकलेले नव्हते. अंदाज चुकला होता, कारण तो दुसऱ्याच्या घराचा होता.

वॅट १८१९ मध्ये गेला, तेव्हा घरोघरी वीज नव्हती. गॅसचे दिवे मात्र त्याच्याच कंपनीतल्या विल्यम मर्डॉकने पेटवून दाखवले होते. १८८२ मध्ये विल्यम सीमेन्सने शक्तीच्या एककाला वॅटचे नाव सुचवले. एक किलोवॅट शक्ती तासभर वापरली की होते एक युनिट. तिथे वीजच काय, गॅसही त्यातच मोजतात.

सासूबाईंची खोली आजही गरम असते. रिकाम्या खोल्यांची तेवढी हीटिंग भाचीने बंद केली. दर रविवारी ती दोन्ही मीटरचे आकडे वहीत लिहिते, चालू तिमाहीचे दर लावून बेरीज करते. आता बिलाचे पाकीट उघडताना तिचा हात थरथरत नाही.