विषाणू, हार्मोन आणि कमल रणदिवे

गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू असतो. पण हा विषाणू असंख्य स्त्रियांच्या शरीरात येतो आणि बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत निघूनही जातो. मग मोजक्या जणींनाच कर्करोग का होतो? कर्करोगात विषाणूला शरीरातल्या कशाची साथ मिळते, याचा शोध भारतात फार पूर्वी घेतला तो डॉ. कमल रणदिवे यांनी.

8 नोव्हेंबर 1917 रोजी पुण्यातील समर्थ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. कमलताईंनी मात्र फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र निवडले. 1939 मध्ये गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि त्यानंतर 1943 मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली 1949 मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली.

पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र शिकल्या. 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी जिवंत ठेवून वाढवल्या गेल्या, त्या याच प्रयोगशाळेत. परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. कर्करोगाला बळी पडण्याची शक्यता, हार्मोन आणि विषाणू यांचे नाते आधी ओळखणाऱ्यांत त्या होत्या.

त्यांचे हे काम स्तनाच्या कर्करोगावरचे. गर्भाशयमुखाबाबतही तोच धागा नंतर सापडला. हार्मोन ही किल्ली आणि पेशीतला रिसेप्टर हे कुलूप. एचपीव्हीची जनुके घातलेल्या उंदरांत इस्ट्रोजेन मिळाल्यावर कर्करोग झाला. इस्ट्रोजेनचा अल्फा रिसेप्टर काढून टाकलेल्या उंदरांत तो झाला नाही. माणसात चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. गाठीतल्या पेशींत हा रिसेप्टर बरेचदा उरत नाही, भोवतालच्या ऊतीत मात्र टिकतो. त्यामुळे हार्मोन रोखणे हा या रोगावरचा उपचार ठरलेला नाही. मात्र एचपीव्ही असताना अनेक बाळंतपणांमुळे धोका वाढतो आणि त्यामागे हार्मोनचाही वाटा असावा, असे मानले जाते.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. लहान वयातले लग्न, लागोपाठची बाळंतपणे आणि दूरचा दवाखाना हे तिथले जुने प्रश्न आहेत. रणदिवे स्वतः पुढच्या काळात अहमदनगर जिल्ह्यातील आदिवासी भागात गेल्या. मुलांच्या पोषणाची माहिती त्यांनी गोळा केली आणि ग्रामीण स्त्रियांपर्यंत आरोग्यसेवा नेली. त्यापूर्वी 1973 मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. 11 एप्रिल 2001 रोजी त्यांचे निधन झाले.

गर्भाशयमुखाच्या तपासणीला मोठे यंत्र लागत नाही. सौम्य ॲसिटिक ॲसिड लावले की संशयास्पद भाग पांढरा दिसतो. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी ही तपासणी करून घेतली, तेव्हा या रोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तिशीनंतर ही तपासणी करून घ्यावी. संबंधानंतर किंवा पाळी थांबल्यावर रक्त जात असेल, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जात असेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.