डिझेल हे एका माणसाचं नाव आहे!

जुहूच्या रस्त्यावर उभे राहा. रिक्षा सीएनजीवर, बेस्टच्या काही बस विजेवर. तेवढ्यात एखादा जुना टेम्पो काळा धूर सोडत जातो. त्याच्या टाकीतल्या इंधनाला ज्याचं नाव मिळालं, त्या रुडॉल्फ डिझेलची ही गोष्ट.

रुडॉल्फचा जन्म 18 मार्च 1858 चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन. 1870 मध्ये युद्ध पेटलं आणि कुटुंबाला लंडन गाठावं लागलं. तिथून 12 वर्षांच्या रुडॉल्फला शिकायला जर्मनीत नातेवाइकांकडे पाठवलं. पुढे म्युनिकला इंजिनिअरिंग शिकताना त्याला कळलं, की वाफेचं इंजिन कोळशातली जेमतेम 10 टक्के उष्णता कामाला लावतं. बाकी वाया! हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

1893 मध्ये त्याला पेटंट मिळालं. आयडिया साधी होती: सिलेंडरमधली हवा इतकी दाबायची की ती प्रचंड तापते, मग त्यात इंधन सोडायचं. ठिणगीची गरजच नाही. पहिल्या चाचणीत स्फोट झाला. पण 1897 मध्ये इंजिनने सुमारे 26 टक्के कार्यक्षमता गाठली. त्या काळात ही कमालच होती.

आता खरी मेख बघा. ज्या दाबामुळे इंधन वाचतं, त्याच दाबाच्या उष्णतेत हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनला चिकटतो आणि नॉक्स वायू तयार होतात. इंधन हवेत नीट मिसळत नाही, तिथे काजळी होते. म्हणजे गुण आणि दोष एकाच जागी.

29 सप्टेंबर 1913 च्या रात्री इंग्लंडला जाताना रुडॉल्फ बोटीवरून बेपत्ता झाला. काही दिवसांनी मृतदेह समुद्रात सापडला. आत्महत्या की अपघात, हे कधीच ठरलं नाही. डिझेल ट्रक रस्त्यावर सर्रास दिसायला लागले ते त्याच्यानंतर.

उरलेलं काम मग नियमांनी केलं. मुंबईत 1999 मध्ये धुराविरुद्ध याचिका झाली, हायकोर्टाच्या आदेशाने लाल समिती बसली आणि जुन्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं: डिझेल कारच्या नॉक्सची मर्यादा किलोमीटरला 250 वरून 80 मिलिग्रॅमवर, धूलिकणांची 25 वरून 4.5 वर. जानेवारी 2025 मध्ये हायकोर्टाने मुंबईतून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने हटवता येतील का, हे तपासायला सांगितलं. सरकारने त्यासाठी समिती नेमली.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडेही अ‍ॅपचा स्पीड वाढवला की बॅटरी जास्त खाल्ली जाते. एकच आकडा सुधारत बसलं, की दुसरा गुपचूप बिघडतो. रुडॉल्फने इंधनाचा आकडा सुधारला. धुराचा आकडा मोजायला कायदा लागला. म्हणून पीयूसी म्हणजे नुसता कागद समजू नका. तुमच्या गाडीचा तो दुसरा आकडा तिथेच मोजला जातो.