तंबूतला डॉक्टर

कुत्र्याच्या अंगावरची गोचीड तुम्ही चिमट्याने काढून फेकता ना? तिच्याच मागे लागून १९०६ मध्ये शिकागोचे डॉ. हॉवर्ड रिकेट्स माँटाना राज्यात पोचले. तिथल्या बिटररूट खोऱ्यात अंगभर ठिपके उठणाऱ्या तापाने धडधाकट माणसं दगावत होती. इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून, गिनीपिगला गोचीड चाववून त्यांनी दाखवलं, ताप हीच पसरवते. पण हिच्यात जंतू येतो कुठून? मग त्यांनी रानातले प्राणी तपासले. बिळात राहणाऱ्या खारींनाही हा ताप होतो, त्यांचं रक्त पिऊन गोचीड जंतू उचलते. वर मादीकडून तो अंड्यांतही उतरतो! म्हणजे माणसावाचून या रोगाचं काही अडत नव्हतं. पुढे टायफसचा माग काढायला रिकेट्स मेक्सिकोला गेले आणि १९१० मध्ये टायफसनेच गेले. वय अवघं ३९. त्या ठिपक्यांच्या तापाच्या जंतूला आज रिकेट्सिया म्हणतात.