अलेक्झांडर सेलकर्क

आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट वाचिली असेल. पण तशा बेटावर खरोखर राहिलेला मनुष्य त्यांस ठाऊक नसेल.

अलेक्झांडर सेलकर्क हा १६७६ सालीं स्कॉटलंडांत एका चर्मकाराच्या घरीं जन्मला. स्वभावानें तो तापट होता. १७०४ सालीं, जहाज जीर्ण झालें आहे यावरून कप्तानाशीं भांडून, तो चिलीच्या पश्चिमेकडील हुआन फर्नांदेस द्वीपसमूहांतील एका निर्जन बेटावर उतरला. लगेच पस्तावला, पण कप्तानानें त्यास परत घेतलें नाहीं. बंदूक, थोडी दारू, कुऱ्हाड, सुरी, भांडें, अंथरूण व बायबल, एवढाच त्याचा संसार.

आरंभीं कित्येक महिने तो खिन्न असे. पुढें त्यानें झोंपड्या बांधिल्या व लांकडावर लांकूड घासून विस्तव काढिला. दारू संपली तेव्हां तो रानशेळ्या धांवून पकडूं लागला. एकदां शेळीसह कड्यावरून कोसळून तो बेशुद्ध पडला, तरी वांचला. रात्रीं उंदीर पाय कुरतडीत, म्हणून त्यानें मांजरें माणसाळविलीं. कपडे फाटले तेव्हां खिळ्याची सुई करून कातडीं शिवलीं. सुरी झिजली तेव्हां लोखंडी पट्ट्यांचीं पातीं घडविलीं. बायबल तो मोठ्यानें वाची.

४ वर्षें ४ महिन्यांनीं, फेब्रुवारी १७०९ मध्यें, वुड्स रॉजर्स याच्या जहाजांनीं त्याची सुटका केली. तेव्हां त्याची वाणी अडखळत होती. ज्या जहाजावरून तो उतरला होता, तें मागेंच बुडालें होतें. १७२१ सालीं तो समुद्रावरच वारला.

एकेक साधन संपत गेलें, तसतशी एकेक विद्या त्यास येत गेली, हें आम्हांस या चरित्रांत विशेष वाटतें.