चार्ल्स डार्विन : श्रद्धा आणि सहजीवन

उत्क्रांतिवादाचे प्रणेते चार्ल्स डार्विन यांचा विवाह १८३९ मध्ये मामेबहीण एमा वेजवुड यांच्याशी झाला. धर्माविषयीच्या शंका पत्नीपासून लपवाव्यात, हा वडिलांचा सल्ला त्यांनी मानला नाही. मृत्यूनंतर पतीशी कायमची ताटातूट होईल, ही श्रद्धाळू एमांची भीती होती. ती व्यक्त करणारे त्यांचे पत्र डार्विन यांनी जपून ठेवले. १८५१ मध्ये दहा वर्षांची कन्या ॲनी निवर्तली. पुढे कुटुंब चर्चमध्ये जाई, तेव्हा डार्विन बाहेर फेरफटका मारत. मतभेद कायम राहूनही ४३ वर्षे टिकलेले हे सहजीवन १८८२ मध्ये डार्विन यांच्या निधनाने संपले. त्यांच्या आत्मचरित्रातील धर्मविषयक कठोर मजकूर १८८७ च्या आवृत्तीतून एमांच्या इच्छेनुसार वगळण्यात आला. नात नोरा बार्लो यांनी १९५८ मध्ये तो पुन्हा समाविष्ट केला.